पडवीतले आकडे

दिग्गी, १० नोव्हेंबर

चि. सुमंगलेस, म्हादूदादाचा आशीर्वाद. वि. वि.

इथं फोन लागत न्हाई, म्हणून कागदावर लिवतो. कापणी उरकली. तू वनरक्षकाच्या भरतीसाठी धारवाडात पळतीस, पाय ताणतीस हे ऐकल्यापासून आईला घास गिळंना झालाय. आपला मधला यशवंतबी त्याच भरतीसाठी पाय ताणायचा. मांडीची शीर तुटली, म्हणूनच तीन आठवड्यांनी ओढ्यावरच्या लाकडी सांकवावर त्याचा पाय लचकला आन् पाण्यानं त्याला नेलं, हे तिच्या मनात रुतलंय. दोन वर्षं झाली, तरी रोज उजाडताना पडवीत यशवंत आकडे मोजतोय म्हणती. मी हसलो. परवा मलाबी ऐकू आलं. सातापर्यंत येतं आन् थांबतं.

तुझे पाय आधीच करकोच्याचे. आणखी ताणून कुठं जाणार हाईस? परत ये, असा आईचा निरोप.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझा दादा

धारवाड, १९ नोव्हेंबर

ती. म्हादूदादास, सा. न. वि. वि.

आईला सांग, इथं सराव घेणाऱ्या कवितामॅडम थंड अंगानं पाय ताणूच देत नाहीत. आधी दहा मिनिटं चालणं. मग हळूहळू, हिसका न देता, श्वास न कोंडता वीस-तीस आकडे मोजेपर्यंत धरायचं. ओढ जाणवली तर चालेल, दुखलं की सोडायचं. दुसऱ्यानं जोर लावायचा नाही.

हे शेवटचं ऐकलं आणि मी मैदानातच बसले. दादा, यशवंतच्या पाठीवर त्या दिवशी पडवीत मीच जोर दिला होता. पायाचे अंगठे पकडून तो वाकला होता. आणखी दाब, असं म्हणत मोजत होता. सातला त्याच्या मांडीत काहीतरी तटकन तुटलं, ते माझ्या तळहाताला कळलं. एकटाच ताणत होतो असं घरी सांगायचं, हे त्यानंच ठरवलं. तो गेल्यावर मला सांगता आलं नाही. सात हा आकडा मी तुम्हाला कधीच सांगितला नव्हता.

आता घरी येऊ की नको, ते आईनं ठरवावं.

राग आला तरी आपली म्हणा.
सुमंगला

दिग्गी, २८ नोव्हेंबर

चि. सुमंगलेस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, शीर तुटली त्या सकाळी यशवंत आधी शेतापर्यंत चालून येणार होता. रोपं काढायची हाईत, चालत काय बसतोस, लवकर आटप, असं तिनंच दटावलं होतं. ते तिनं कुणाला सांगितलं न्हवतं. त्याचा आवाज तिला बोलावतोय असं वाटायचं, म्हणून ती कानावर पदर घ्यायची.

मोजणं अजून येतं, खोटं कशाला लिवू? पण आता आई पडवीत जाऊन बसती, ऐकती, आन् मग कामाला लागती.

भरती सोडू नको म्हणती. चार दिवस मात्र येऊन जा. तुला न्यायला ती सांकवापर्यंत येणार हाय. यशवंत गेल्यापासून त्या वाटेला तिनं पाऊल टाकलं न्हवतं. काल मला धरून निम्म्यापर्यंत गेली, दम खाल्ला, परत आली. रविवारी पुरी जाईन म्हणती.

आमचा जीव तुझ्यापाशी, जपून ये.
म्हादूदादा