घडीवरचे चेहरे

३ फेब्रुवारी

आज जेवणाच्या सुट्टीत दोन चित्रं वाटली. चित्रं कसली — कटाईची सवय! मला अख्खा चेहरा काढता येतच नाही. वीस वर्षं शाळेचे गणवेश बेततेय. कागद दुमडायचा, अर्धाच शर्ट आखायचा, घडीवर कापायचा. उघडला की पूर्ण. चेहऱ्यांचंही तेच केलं. खाकी कागदावर घडीच्या एका बाजूला मऊ पेन्सिलीने अर्धा चेहरा काढला, कागद मिटला, पाठीमागून चमच्याने खसाखसा घासला. उघडला की पलीकडे दुसरा अर्धा उमटलेला!

इस्त्रीवाले काका म्हणाले, "अगं, मी भाजलोय एका गालाला. तू दोन्हींवर डाग दिलास!" मी डाव्या बाजूने काढलं होतं, दुसरं काय होणार? काजं-बटणं करणारी माझी मैत्रीण, जिला आम्ही 'बटण'च म्हणतो, ती चित्र नाकाशी धरून बघत बसली. लहानपणी तिच्या डाव्या डोळ्यात फूल पडलं, तेव्हापासून त्या डोळ्याने दिसत नाही. मी मुद्दाम उजवी बाजू घेतली होती. "माझा फुटका डोळा कुठे गेला गं?" म्हटलं, फुकटात चांगला मिळतोय, गप्प घे.

खूप हसलो. किती दिवसांनी.

९ फेब्रुवारी

काका कामावर नाहीत. इस्त्रीची वाफेची नळी निसटली म्हणे. तोंडावर आली.

१४ फेब्रुवारी

काकांची पट्टी निघाली. उजव्या गालावर डाग. आकार तोच, जागा तीच, शेंगेसारखा खाली वळलेला. जुन्या डागाजवळ एक तीळ आहे. या बाजूलाही तीळ!! भाजल्याने तीळ येतो का कुणाला?

"आता दोन्हीकडून सारखाच देखणा," काका म्हणाले. सगळे हसले. म्हटलं, काका, ते चित्र परत द्या, नीट करून देते. म्हणाले, खळ लावून भिंतीला चिकटवलंय, आता ते भिंतीबरोबरच निघेल.

१५ फेब्रुवारी

योगायोग असेल. असतात.

१९ फेब्रुवारी

नाही.

बटणने आज चांगला डोळा हाताने झाकला आणि माझ्यासमोर सुई ओवली. पहिल्या झटक्यात. डोळ्यातलं फूल पार गेलंय. डॉक्टर नुसतेच मान हलवतात म्हणाली. माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले, पण माझं रडणं वेगळं होतं.

एक गंमत सांगितली तिने. आता डोळा मारता येत नाही. मारायला गेली की दोन्ही मिटतात. "आता कुणाला मारू गं!" मी हसले. घरी येईपर्यंत तेच डोक्यात.

२१ फेब्रुवारी

लिहूनच टाकते. मनात ताई आहे. आठवडाभर दुसरं काही नाही.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची. ताईने वेण्या घातल्या, ताईने अभ्यास घेतला, ताईने स्वतःचं लग्न मोडलं — "हिला कुठे टाकू?" म्हणून. दोन वर्षांपूर्वी लकवा आला, उजवं अंग गेलं. तोंड वाकडं. बोलते ते मलाच कळतं, तेही अर्धं. मी भरवते. गालातून ओघळतं, मी पुसते, ती मान फिरवते. तिला लाज वाटते माझी. माझी!

डावी बाजू शाबूत आहे. अगदी शाबूत.

काकांचा गाल डोळ्यांसमोर येतो. पण काकांची मी वाईट बाजू काढली होती. नीट बघून काढलं तर?

२३ फेब्रुवारी

काढलं. सकाळी, खिडकीशी, तिला उशांना टेकवून. नुसता चेहरा नाही — डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत, सगळी डावी बाजू. नखंसुद्धा. कागद मिटून चमच्याने घासला. ताई टक लावून बघत होती. उघडून दाखवलं. तिने डाव्या बोटाने घडीवरून वरून खाली रेघ ओढली.

२४ फेब्रुवारी

काही नाही.

२६ फेब्रुवारी

ताईने हाक मारली! स्वच्छ! माझं नाव, पूर्ण, लहानपणी रागावून मारायची तसं! धावत गेले. बसलेली. दोन्ही हात पुढे केलेले. तोंड सरळ. मी तिच्या मांडीत डोकं घालून ओरडत रडले, शेजारीण दार वाजवायला लागली. वाजवू दे!

२८ फेब्रुवारी

ताईने स्वतः केस विंचरले. उजव्या हातात कंगवा. डावा हात रिकामाच, पण तोही विंचरत होता.

१ मार्च

तिचं दोन्हीकडे एकच होतं. एक हात उचलते, दुसरा उचलला जातो. एका हातात कप धरते, दुसरा हात शेजारच्या हवेत नसलेला कप धरतो. चालता येत नाही, दोन्ही पाय एकदम उचलले जातात. चिमणीसारखी उड्या मारत मोरीपर्यंत जाते. धप्. धप्. मी इथे स्वयंपाकघरात बसून ऐकते.

दुपारी तिच्या छातीला कान लावला. डावीकडे धडधड. उजवीकडेही.

कपाळापासून हनुवटीपर्यंत एक बारीक रेघ आली आहे. कागदाची घडी पडते तशी.

२ मार्च

ताईला सगळं सांगून टाकलं. वाटलं, शिव्या देईल. म्हटलं, ताई, मी तुझं वाटोळं केलं. ती हसली, दोन्ही कोपऱ्यांनी अगदी सारखं. "वेडे, दोन वर्षं मला साधं 'पाणी' म्हणता येत नव्हतं. उड्या मारेन नाही तर सरपटेन. माझी काय तक्रार आहे?" मग म्हणाली, "सगळ्यांना चित्रं वाटलीस. तुला कुणी दिलं का गं?"

म्हटलं, मला नको. हात जोडते, नको!

"बरं बरं," म्हणाली.

५ मार्च

डाव्या हाताने लिहितेय. वाचता येतंय ना?

काल कामावरून आले तर ताईने कागद पुढे केला. मी. डोक्यापासून पायापर्यंत, मीच, इतकी छान! पण अर्धीच, नुसती डावी बाजू. तिचे दोन्ही हात कागदावर फिरले असणार, पण पेन एकाच हातात. "उजव्या हाताने काढलं बघ! दुसरी बाजू तू घासून घे." पेनाची शाई, सुकलेली. घासून काय उमटणार? पलीकडे कोरा कागद.

आज उठता आलं नाही. चित्र नवीन काढ, पेन्सिलीने काढ, हे तिला सांगायचंय. तोंडातून नुसता आवाज येतो. इथे लिहून वही दाखवली. तिने वाचलं. मिटून उशाशी ठेवली.

"असू दे गं," म्हणाली. "पुन्हा मला तुझ्या वेण्या घालता येतील." आणि दोन्ही हातांनी माझे दोन्ही गाल कुरवाळले. मला एकच कळला.