गोधडी बांधली, त्याबद्दल

द्वारका, नाशिक

ती. आक्का,

धाकट्या खंडूचा लांबूनच साष्टांग नमस्कार. (जवळ येऊन घातला असता, पण तू पाय मागे घेशील याची खात्री आहे.) दाजींचा गुडघा काय म्हणतो? तेल चोळून काही होणार नाही हे मी त्यांना दिवाळीतच सांगितलं होतं, पण मेव्हण्याचं ऐकलं तर ते दाजी कसले! तुझी शुगर किती आहे तेही कळव. म्हणजे तू कळवणार नाहीसच, पण विचारायची रीत आहे. फोन तू उचलत नाहीस, आणि व्हॉट्सॲपवरचा तुझा गणपतीचा फोटो तू गेलीस त्या दिवसापासून मला दिसत नाही. आमचा दीपक म्हणतो, याला ब्लॉक करणं म्हणतात. सख्ख्या भावाला! म्हणून शेवटी कागद घेतला. शाळा सुटल्यापासून मी ट्रान्सपोर्टच्या पावत्यांपलीकडे काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

झालं ते तुला ठाऊक आहे, पण तुझ्या बाजूनं. आता एकदा माझ्या बाजूनं ऐक. आईची उजवी बाजू गेली, वाचा गेली, डॉक्टर म्हणाले घरी न्या, सेवा करा. (डॉक्टर सेवा करा म्हणाले की काय समजायचं, ते आपल्या दोघांनाही समजलं होतं.) तू आलीस, ट्रंकेतून आईची जुनी लुगडी काढलीस आणि म्हणालीस, हिला हिच्याच लुगड्यांची गोधडी करते. माझी काय हरकत असणार? पण तू ती हॉलभर अंथरलीस, कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, खलबत्ता आणि माझी नवीन गॅसची टाकी ठेवलीस, आणि काठापासून धावदोरा घालत आत सरकायला लागलीस. तांदळाएवढा एकेक टाका! एखादा गव्हाएवढा पडला की उसवायचीस आणि पुन्हा घालायचीस. आम्ही सगळे ओट्याशी उभ्यानं जेवत होतो, पाहुणा आला तर जिन्यात बसवत होतो, ते सोड. पण आतल्या खोलीत आई कुडकुडत होती गं. यंदाची नाशिकची थंडी म्हणजे काय सांगू, द्वारकेवरचे ट्रॅफिक पोलीससुद्धा शेकोटीजवळून शिट्ट्या मारतात. दुकानातलं ब्लँकेट आई डाव्या हातानं ढकलून द्यायची. मला एकच दिसत होतं, की तुझी गोधडी शिवून होईल तेव्हा ती पांघरायला माणूस नसेल.

आणि मी पडलो ट्रान्सपोर्टवाला. लासलगावचा कांदा भरला की वरची ताडपत्री कुणी मांडी घालून शिवत बसत नाही, बांधतो. ती कसारा घाट उतरून थेट वाशीपर्यंत जागची हलत नाही. गादीवाले तरी काय करतात? जागोजाग आरपार दोरा घालून गाठ मारतात आणि मोकळे होतात. म्हणून तू देवळात गेलीस तेव्हा मी आमच्या गोटीराम हमालाला बोलावलं (तोच, गाड्यांवर ताडपत्र्या बांधणारा). तो पोती शिवायचं दाभण आणि सुतळी घेऊन आला. तुझी प्रदक्षिणा होईस्तोवर वीत वीत अंतरावर गाठी मारून गोधडी तयार, आणि आईच्या अंगावरही घातली. मला वाटलं तू म्हणशील, बरं केलंस खंडू. तू दारातच थांबलीस. ‘‘तिरडी बांधत्यात, खंड्या. जित्या माणसाला शिवत्यात.’’ एवढं बोललीस, पिशवी उचललीस आणि कळवणच्या एसटीत जाऊन बसलीस. लय लागलं, आक्का. गोटीराम तर दाभण तिथंच टाकून पळाला.

तर तू गेल्यावरची हकिगत अशी. दुसऱ्या दिवशी दुपारी तुझी भावजय आईला पेज भरवायला गेली, तर छातीवरच्या गाठी सुटलेल्या. मला वाटलं गोटीरामनं आळस केला. मी पुन्हा मारल्या, जरा आवळून. संध्याकाळी त्याही सुटलेल्या! दाराआडून बघतो तर काय, आपली मातोश्री, पडल्या पडल्या, डोळे छताकडे, आणि डावा हात गाठीशी. नख घालायची, सुतळी पिळायची, थांबायची, पुन्हा नख. ज्या गाठीला क्लीनर लोक दातानं ओढून थकतात ती तिनं सोडली आणि लगेच पुढची चाचपायला लागली. मी सुतळी टाकून नायलॉनची दोरी आणली. तीही सोडली. गोटीरामला कळलं तेव्हा त्याला ते फार लागलं (तीस वर्षांत त्याची गाठ फक्त आरटीओवाल्यांनी सोडवली आहे, तीही कोयत्यानं). तो स्वतः आला, आईच्या पाया पडला, त्याची खास गाठ मारली आणि चहाला बसला. चहा संपायच्या आत गाठ मोकळी. त्यानं हात जोडले. ‘‘मावशी, आता गाडीवर तुम्हीच चढा, मी नाय चढत.’’ आई हसली. अर्ध्याच तोंडानं, पण हसली.

व्यायाम करून घ्यायला तेजल नावाची पोरगी येते, तिला मी भीत भीत सांगितलं. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, काका, बंद करू नका, रोज बांधा, असा व्यायाम मला जन्मात सुचला नसता! आणि खरंच गं, एका दुपारी उजव्या हाताचा अंगठा सुतळी धरायला पुढे आला. मेलेला अंगठा! मी खोलीबाहेर जाऊन रडलो. (घरात सांगितलं, कांदा चिरत होतो. तुझी भावजय म्हणाली, वरणाला?) तेव्हापासून सकाळी मी गाठी मारतो आणि दिवसभर आई सोडवते. धंदा दीपक बघतो. आईजवळ इतका वेळ मी लहानपणीसुद्धा बसलो नसेन. ती का सोडवते यावर घरात वाद आहेत. सूनबाई हर्षाली म्हणते, आजींना विरंगुळा. तुझी भावजय म्हणते, त्यांना आक्कांचाच धावदोरा पाहिजे. मला वाटतं, तू दारात जे बोललीस ते तिनं ऐकलं होतं.

एक कबूल करतो. गाठी सुटल्या की आतली लुगडी घसरतात, सगळी पायाशी गोळा होतात आणि छातीवर नुसता पदर उरतो. शिवलेली गोधडी अशी घसरली नसती. पण शिवलेली गोधडी तिला सोडवताही आली नसती, हेही तू लक्षात घे. म्हणजे आपण दोघं थोडे थोडे बरोबर आणि बरेचसे चूक, असा तोडगा मी काढला आहे. पटला तर ब्लॉक काढ.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, दाजींना मधलं काहीतरी.

तुझा,
खंडू

ता. क. : जाताना तू आईची सुयांची डबी घेऊन गेलीस. हरकत नाही, तुझीच आहे. पण येताना आण.

ता. क. दुसरा : वरचं सगळं मी सोमवारी लिहिलं आणि अक्षर बघून लाज वाटली म्हणून ठेवून दिलं. आज गुरुवार. आईनं परवापासून एकही गाठ सोडलेली नाही. मी सैल मारून बघितल्या. तिचा हात धरून गाठीवर ठेवला, तो तिथंच राहिला. तेजल आली होती, व्यायाम न घेताच गेली. गोधडी अजिबात घसरलेली नाही, आक्का. कशी बांधली तशी आहे.

ता. क. तिसरा : पत्र घेऊन आलेला माणूस आपला ड्रायव्हर आहे, रिकामी गाडी घेऊन आलाय. त्याला चहा विचारू नकोस, तो घेणार नाही, मीच सांगितलंय. दाजींना पुढच्या सीटवर बसव, त्यांचा गुडघा सरळ राहील. साडी बदलत बसू नकोस. डबी राहिली तरी राहू दे. आई अजून दाराकडे बघते.