पाठीवरचा पिवळा ठिपका

ती. बाबा,

या गारठलेल्या डोंगरावरून तुम्हाला आणि आईला नमस्कार.

तब्येत ठणठणीत आहे, काळजी नसावी. आईचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं, तिने विणलेला स्वेटर रोज घालतो.

इथले भुंगे आपल्याकडच्यांसारखे काळे नाहीत. अंगभर दाट लव, जणू तेही स्वेटर घालूनच हिंडतात. बिळातल्या घरट्यातून निघालेल्या भुंग्याच्या पाठीवर रंगाचा ठिपका लावायचा आणि तो परत कधी आला ते टिपून ठेवायचं, हे माझं काम. नराला नांगी नसते, म्हणून पहिल्या दिवशी मी एक नरच धरला. त्याला पिवळा ठिपका लावला आणि अंधार पडेपर्यंत बिळाशी त्याची वाट बघत बसलो. आमच्या मॅडम पोट धरून हसल्या. म्हणाल्या, "अरे, नर एकदा बाहेर पडला की घरट्यात परत येत नसतो. त्याचं तिथे काही काम उरत नाही."

सकाळी तो एका फुलाला चिकटून बसलेला दिसला, थंडीने आखडलेला. ऊन लागल्यावर उडाला.

दादाचं पत्र मिळालं. माझी खोली भाड्याने दिलीत, बरं केलंत. रिकामी कशाला ठेवायची? मला विचारलं असतंत तरी मी हेच म्हणालो असतो. विचारलं नाहीत, एवढंच.

सुट्टीत येणार होतो. आता बघू.

भाडेकरूला दुसरी किल्ली लागेल. माझ्याजवळची सोबत पाठवतोय.

तुमच्याच सांगण्यावरून घराबाहेर पडलेला,
धाकटा