काचेच्या कारखान्यात पुन्हा भरती

सोमवार, ४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनी आणि मुलं मजेत असतील. आईचा गुडघा सोडला तर इकडे सगळं ठीक. तिचं तोंड मात्र खणखणीत चालतं.

दादा, आपल्या बंद पडलेल्या काच कारखान्याचं फाटक उघडलं. मोबाइलचे सुटे भाग बनवणारी कंपनी आलीय. सहाशे माणसं घेणार आहेत. पहिल्या दिवशी रांग थेट चौकापर्यंत. मीही उभी राहिले, सत्तेचाळिसाव्या वर्षी.

एका पोरीने भिंगाखाली मोबाइलच्या सर्किटच्या हिरव्या पट्ट्या ठेवल्या. म्हणाली, "यातल्या चुका शोधा." पंचवीसपैकी चोवीस शोधल्या.

"मावशी, हे कुठे शिकलात?"

म्हटलं, "इथंच. चौदा वर्षं याच खिडकीपाशी बाटल्यांतले बुडबुडे शोधलेत."

आता चाळीस जणींना मीच शिकवते. पाय जमिनीवर ठरत नाहीत बघ.

तुझ्या भट्टीच्या जागी त्या पट्ट्यांवर भाग जोडणारा कथलाचा डाग वितळवायची नवी भट्टी बसवलीय, कपाटं आडवी टाकल्यासारखी लांबलचक. आच ओळखणारा माणूस त्यांना मिळत नाही. मी तुझं नाव सांगून मोकळी झाले.

आणि कंपनीची बस कोण चालवतो माहितीये? तुझा भट्टीवरचा जोडीदार, पैलवान. रोज माझ्यासाठी पुढची जागा धरतो. जुनं एका शब्दाने काढत नाही. म्हणूनच जास्त लागतं.

कारखाना बंद करायला कामगार राजी असल्याच्या कागदावर तुझ्या बहिणीची सही आहे, असं तो म्हणाला तेव्हा तू त्याची गचांडी धरलीस. "माझी बहीण असं करायची नाही," म्हणालास. त्याच आठवड्यात गाव सोडलंस.

दादा, तो खरं बोलत होता. सही माझीच. सही करणाऱ्यांना आधी दुसरीकडे कामाला लावू, असं साहेब म्हणाले. मी घाबरले होते. लावलं कुणालाच नाही. तू घरी येऊन माझी बाजू घेऊन तावातावाने बोलत होतास आणि मी खाली मान घालून ताटं मांडत होते. अकरा वर्षं झाली.

काल पैलवानाला म्हटलं, दादाला सगळं लिहितेय. त्याने बसचा आरसा पुसून घेतला. मग म्हणाला, "त्याला कळव, बस सव्वासातला सुटते."

अर्जाची मुदत वीस तारखेपर्यंत आहे. रागाला मुदत नाही. तो इथं येऊन, माझ्यासमोर बसून काढ.

वाट बघणारी,
तुझी छकी