राणीघरं मोडली त्याची गोष्ट

प्रिय अहो,

'प्रिय'च्या पुढे 'अहो' लिहिताना मलाच हसू आलं, पण दुसरं काय लिहिणार? इतक्या वर्षांत तुम्हाला नावाने हाक मारायची जीभ वळली नाही, ती आता कागदावर कुठे वळायला! फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. फोनवर तुम्ही आधी मधमाश्यांच्या दोन्ही पेट्या कशा आहेत ते विचारता, मी 'मजेत' म्हणते, आणि तुम्ही लगेच भावजींच्या हातात फोन देता. ते 'मजेत' खोटं होतं. भिंतीलगतच्या पेटीत राणी नाही. तिथे बसल्या बसल्या छातीवर हात ठेवू नका, पुढे वाचा.

थंडी सरली तसं, भावजींकडे जाताना तुम्ही सांगून गेला होतात ते सगळं केलं. पेटीचा तळ खरवडला, मेलेल्या माश्या झाडून काढल्या, साखरेचा पाक ठेवला. माश्या शांत करायचं धुराडं पेटवताना पहिल्या दिवशी त्यांच्यापेक्षा मीच जास्त खोकले. मग फुलं आली आणि माश्या पिवळे पाय घेऊन अशा आत शिरायला लागल्या, की मी चहाचा कप घेऊन मागच्या दाराच्या पायरीवरच बसायची. पेटी भरून वाहायला लागली. जागा करायला रिकाम्या चौकटींचा वरचा मजला चढवायला हवा हे मला कळत होतं, पण तो एकटीने उचलायचा धीर होईना. आज करू, उद्या करू म्हणत राहिले. तेवढ्यात एका सकाळी गर्दी आपोआप कमी झालेली दिसली. मी मूर्ख, खूश झाले.

त्याच दिवशी पेटी उघडली तर चौकटीच्या खालच्या कडेला शेंगांसारखी राणीघरं, नव्या राण्या वाढतात ती, लोंबत होती. तुमचं वाक्य मला पाठ होतं: राणीघर दिसलं की दयामाया न दाखवता मोडायचं, नाहीतर नवी राणी यायच्या आत जुनी अर्धं घर घेऊन उडून जाते. मी एकूण एक मोडलं. उभ्या जन्मात तुमचं एक वाक्य जसंच्या तसं ऐकलं, तेही नेमकं हेच निघावं! जुनी राणी तर आधीच गेली होती. गर्दी उगाच का कमी झाली होती? आणि मागे ठेवलेल्या मुली मी माझ्या हाताने संपवल्या. आधी जुनी आत आहे का ते बघ, एवढं तुमचं सांगायचं राहिलं. की सांगितलं होतंत, आणि मी भाजीला फोडणी देत होते?

पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. चौकटींत एक अंडं दिसेना. पेटीला कान लावला तर आतून कण्हल्यासारखा आवाज यायचा. त्या कधी नव्हे त्या अंगावर येऊ लागल्या. डाव्या डोळ्यावर एक अशी डसली की शेजारच्या नर्सबाई मला ओळखेनात. मला जेवण जाईना. तुम्हाला सांगावं तर तुम्ही पिशवी भरून पहिल्या गाडीने परत याल, याची खात्री. म्हणून गप्प बसले, आणि तुम्हाला ज्यांनी माश्या पाळायला शिकवलं त्या बाईंना फोन केला. त्या ओरडल्या नाहीत. झाडाखालच्या पेटीतली ताजी अंडी असलेली एक चौकट काढ, माश्या झटक आणि भिंतीलगतच्या पेटीत ठेव, म्हणाल्या. राणी नसेल तर त्या त्यातूनच नवी घडवतील. काढताना चौकट दोनदा कडेवर आपटली. आज सकाळी बघितलं, त्या चौकटीवर नवी राणीघरं बांधायला घेतली आहेत. मी झाकण लावलं आणि तिथेच मातीत बसून रडले.

आता बाईंची सक्त ताकीद आहे. राणी बाहेर येईल, उडून मिलनाला जाईल, परत येईल, अंडी घालील. तोवर महिनाभर कोणीही झाकण उचलायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही. ती परत येईलच असंही नाही, वाटेत पाखराने टिपली तर गेली. जीव टांगणीला आहे, पण इथे बसून माझ्या हातून काही होणार नाही. झाडाखालच्या पेटीवर नर्सबाई नजर ठेवतील.

भावजींनी मला सगळं सांगितलं आहे. छातीतल्या झडपेचं ऑपरेशन आता लांबवता येणार नाही असं डॉक्टर म्हणाले, आणि तुम्ही त्यांना म्हणालात की पेट्यांचा हंगाम संपू दे, बायको नवखी आहे. नवखी आहेच. पेटी गेली तर दुसरी मांडता येईल, अहो. मला भीती वाटते आहे, आणि ती माश्यांची नाही. मी शनिवारी सकाळच्या गाडीने येते आहे. त्याआधी डॉक्टरांकडून ऑपरेशनची तारीख घेऊन ठेवा.

तुमचीच,
एक डोळा सुजलेली