पाण्यातलं औषध

जाऊबाई,

तोंडावर कौतुक केलं तर "पुरे, कामाला लाग," म्हणाल. म्हणून हे पत्र देणारच नाही.

मामंजींच्या पायाची जखम कुठल्याच औषधाला दाद देईना. डॉक्टर म्हणाले, "जंतू औषधांना सरावलेत. कोंबड्यांना रोज असलंच औषध देता ना?" शेवटी पाय कापावा लागला. घरी येताच तुम्ही आपल्या पोल्ट्रीतल्या कोंबड्यांच्या पाण्यात रोज मिसळायचं औषध बंद केलंत. भावजी ओरडले, "पक्षी मरतील!"

"आजारी पडेल त्याला देऊ. धडधाकटांना कशाला?"

पक्षी कमी ठेवलेत, शेड झाडून खालचा भुसा कोरडा ठेवलात. तरी काही मेले. शेडमागे डोळे पुसलेत, पण मागे हटला नाहीत.

आज शेजारच्या पोल्ट्रीवाल्यानं विचारलं, "पक्षी तरतरीत दिसतात. कुठलं नवं औषध?"

तुम्ही हातातला खराटा दाखवलात. पाय गेल्यापासून मामंजी पहिल्यांदाच खदखदून हसले.

तुमच्यावर जीव असलेली,
धाकटी