ऊन आहे, पण वाळत नाही

॥ श्री ॥
वेंगुर्ल्याजवळ, जि. सिंधुदुर्ग
ता. १२ जानेवारी २०२५

ती. रंगुअक्कांस, धाकट्या जावेचा शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. इथं घरात रेंज नाही. बोलायचं तर शाळेच्या आवारात उभं राहून ओरडावं लागतं, आणि मनातलं काही ओरडून सांगता येत नाही. रामहरी लहानपणी अभ्यास करायचा तेव्हा शेजारी बसून मी वाचायला शिकले. लिहायला त्याहून उशिरा. तेव्हा अक्षराला हसू नका.

त्याच्या वडिलांचं वर्षश्राद्ध झालं, तेव्हा तुमच्यासमोरच तो म्हणाला होता, की आईला आता तिसगावात एकटी ठेवणार नाही. शब्दाला जागतो आहे. सविता सून असून लेकीसारखं बघते. खायला-प्यायला कमी नाही. पण माझं डोकं ठिकाणावर नाही. ऊन आपल्यासारखंच लख्ख पडतं, अंगाला चटकाही तसाच. तरी सकाळी वाळत घातलेलं लुगडं संध्याकाळी हाताला ओलसर लागतं. मी दोनदा दोरी बदलून पाहिली.

दिशाही कळत नाहीत. तिकडं वृद्धेश्वराचा डोंगर कुठल्या अंगाला, ते डोळे मिटून सांगेन. इथं रामहरीला विचारलं, आपलं गाव कोणीकडं, तर त्यानं फणसाकडं हात केला. दुसऱ्या दिवशी विचारलं तर विहिरीकडं. मास्तर झाला आहे.

शेजारची पुष्पावती माशाचं कालवण घेऊन आली. मी खात नाही म्हटल्यावर तिनं सविताला बाजूला घेऊन विचारलं, की सासूबाईंना डॉक्टरांनी पथ्य दिलंय का. सविता म्हणाली, माळ घातल्यापासूनचं आहे. ती बिचारी सोलकढी ठेवून गेली.

जोंधळ्याचं पोतं नीट पोचलं. थोरल्या भाऊजींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची,
कडू


तिसगाव, ता. पाथर्डी
ता. २७ जानेवारी २०२५

चि. कडूस अ. उ. आ.

नावाआधी गं. भा. लिहायचं असतं म्हणे. माझा हात धजत नाही, म्हणून नुसतं चि. लिहिलं. कुणाला चूक वाटली तर वाटो.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. लुगडं वाळत नाही म्हणून दोरी बदलणारी बाई मी पहिल्यांदा बघितली. कालवणाचं आमच्या घरच्यांना सांगितलं, तर ते म्हणाले की कडूबाईनं रस्सा तरी चाखला आसंल, आपल्याला कोन सांगतंय.

आता कामाचं. तुझ्या वावरातला जोंधळा बरा आहे. पण हे म्हणतात, की माज्या गुडघ्यानं आता दोन वावरं होनार न्हाईत. मळ्याखालचा कल्याण तुझं वावर निम्म्या वाट्यानं मागतो आहे. एका सालासाठी घेत नाही, विहिरीचा गाळ काढायचा म्हणून तीन सालं मागतो. माणूस वाईट नाही. बोली पाडव्याला होते हे तुला माहीत आहे. तू तिकडंच राहणार असशील तर त्याला हो म्हणायचं, येणार असशील तर नाही. मधलं काही चालायचं नाही. तेवढं पाडव्याच्या आत कळव.

मी तुला ये म्हणत नाही आणि राहा म्हणत नाही. आपल्या आळीतली लंकाबाई मात्र रोज विचारते, की कडू समुद्रात पवाया शिकली का. मी सांगते, व्हय, शिकली.

आठवण काढत जा, आम्ही काढतोच.
तुझी,
रंगुअक्का


॥ श्री ॥
वेंगुर्ल्याजवळ
ता. १८ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कांस शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. मन थाऱ्यावर नव्हतं.

मी आणलेलं पोतं म्हणजे रामहरीच्या वडिलांच्या हातची शेवटची पेरणी. काढणी तुम्ही-आम्ही केली, ती बघायला ते नव्हते. त्यातला जोंधळा मी जपून ठेवला होता. इथं ऊन एवढं आहे म्हटल्यावर तिकडच्यासारखंच लिंबाचा पाला घालून पोतं भिंतीला लावून ठेवलं. परवा भाकरीला दाणे काढायला हात घातला, तर आत ऊबट, ओलं, कुबट वास. खालचे दाणे एकमेकांना चिकटून त्यांना बुरशी आली होती. पुष्पावती म्हणाली, की इथल्या उनाच्या भरवशावर आम्ही मिरच्यासुद्धा ठेवत नाही, खारा वारा सगळं परत ओलं करतो. समुद्राकाठची हवा दमट असते, हे मी रामहरीच्या पुस्तकात वाचलेलं होतं. पाठसुद्धा होतं. पण पोत्यात हात जाईपर्यंत मला ते कळलं नव्हतं.

मी रडले नाही. वरचं थोडं निवडलं, बाकीचं माडाच्या बुडाशी टाकलं.

त्याच दिवशी रामहरी जवळ येऊन बसला. नऊ वर्षं तो दर साली आपल्या जिल्ह्यात बदली मागायचा आणि आपण तिकडं देव पाण्यात घालून बसायचो. या साली त्यानं मागितलीच नाही. म्हणाला, तुझा नातू इथंच वाढला, सविताला इथं करमतं, मलाही आता ही शाळा सोडवत नाही. तू तिकडची आस धरून असशील म्हणून बोलायला धीर होत नव्हता. मी म्हटलं, बरं केलंस. खरंच तसं वाटलं, की त्याच्या तोंडाकडं बघून म्हटलं, मला सांगता येत नाही.

मग सविता म्हणाली, की पडवी बंद करून तुमच्यासाठी खोली काढू या का. आणि अक्का, मी काय बोलले असेन? मी म्हटलं, घरी विचारून सांगते.

सवितानं हातातलं सूप खाली ठेवलं. मग मलाही कळलं. घरी कोण आहे विचारायला?

खरं सांगते, ही पहिली वेळ नाही. आमचे हे या गावी कधी आलेच नव्हते. त्यामुळं इथं त्यांची जागा कुठं रिकामी दिसत नाही. दुपारी ओट्यावर बसले की वाटतं, ते तिकडं वावरात असतील, आता विहिरीवर हातपाय धूत असतील, मी काही दिवसांसाठी लेकाकडं आले आहे. इथं राहिले तर ते तिकडं असतात. तिकडं आले तर कुठंच नसतील. मग सांगा, कल्याणला हो म्हणू का नाही?

हे भाऊजींना वाचून दाखवू नका. एवढी माया करा.
तुमची,
कडू


तिसगाव
ता. ४ मार्च २०२५

चि. कडूस अ. उ. आ.

नाही दाखवलं. पण तू एकटीच वेडी आहेस असं समजू नकोस.

गेल्या आठवड्यात काढणी झाली. ह्यांनी दर सालासारख्या कडब्याच्या दोन गंज्या रचल्या, एक आपली, एक तुमची. तुझा कडबा तुझाच आहे. सांजच्याला आभाळ भरून आलं. हे आपली गंजी झाकता झाकता मला म्हणाले, की आसारामला म्हनावं, तुजी झाकून घे. म्हटले आणि तसेच उभे राहिले. मी खाली बघितलं. मग गुडघा धरत गेले आणि धाकट्या भावाची गंजी स्वतः झाकून आले. असं महिन्यातून एकदा तरी होतं. तुला कळवलं नव्हतं.

जोंधळ्याचं मनाला लावून घेऊ नको. त्या खळ्यावर मी पण होते, मला माहीत आहे काय गेलं ते.

कल्याण परवा पुन्हा येऊन गेला. मी सांगितलं, बाईमाणूस विचार करतंय, तुला काय घाई. पण पाडवा काही थांबायचा नाही. काय करू म्हणून मला विचारू नकोस. मी सांगितलं तर ते माझ्या सोयीचं असेल. मला तू समोर हवी आहेस, त्यात तुझं भलं आहे की नाही हे मला ठाऊक नाही.

तब्येतीला जप. पत्र छोटं आलं तरी चालेल, पण येऊ दे.
तुझी,
रंगुअक्का


॥ श्री ॥
वेंगुर्ल्याजवळ
ता. १५ मार्च २०२५

ती. अक्कांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ओट्यावर बसून वाचलं. ते नाहीत, हे रोजचं ओझं तुम्ही दोघं तिकडं उचलता आहात. मी मात्र इथं उनात बसून त्यांना जिवंत ठेवलं होतं. भाऊजींनी गुडघा धरत झाकलेली गंजी मी झाकायला हवी होती.

कल्याणला नाही म्हणून सांगा. नांगरट तेवढी भाऊजींनी सांगून करून घ्यावी. काय पेरायचं ते मी आल्यावर ठरवीन. मला जमेल का, माहीत नाही. सगळा गोंधळ मिटला म्हणून येत नाही, तो आहे तसाच घेऊन येते आहे.

रामहरीला सांगितलं, तेव्हा तो पुस्तकं आवरत राहिला. मग म्हणाला, की लोक म्हणतील आईला एकटीला सोडलं. मी सांगितलं, रुसून जात नाही, दिवाळीला येईन, तूही सुट्टीत ये. वडिलांच्या घरून नवऱ्याच्या घरी आले, तिथून तुझ्याकडं. कुठं राहायचं हे मी आजवर कधी ठरवलं नव्हतं, एकदा ठरवू दे. तो मान खाली घालून हो म्हणाला. पडवीची खोली मात्र काढणारच, म्हणते सविता.

पाडव्याच्या आदल्या दिवशी तो मला आणून सोडेल. स्टँडवर कुणी येऊ नका. त्याला मी तुमच्याकडं चहाला पाठवीन आणि घरात आधी एकटी जाईन. आतून आवाज आला नाही तरी लगेच दार वाजवू नका. ते तिथं नाहीत, हे मला एकदा नीट बघू द्या. झालं की मीच हाक मारीन.

भाऊजींना नमस्कार. जवळ येते आहे, तेव्हा लोभ आता पत्रातून मागत नाही.
तुमची,
कडू